प्रशांत महासागरातला आराखडा आणि त्याचा हरवलेला कर्ता

पीएचडीचं प्रपोजल सादर करताना माझ्या एका स्लाइडवर मोठ्या विश्वासानं लिहिलं होतं: 'प्रशांत महासागरातल्या छोट्या बेट-देशांनी हवामान बदलाला तोंड देण्यासाठी २०१६ मध्ये संयुक्त प्रादेशिक आराखडा मंजूर केला.' समितीतल्या एका सरांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "बरं, मग त्यानं तिथं काय बदललं?"

मी म्हटलं, "सर, आता सगळे देश एकत्रितपणे..." आणि पुढचं वाक्य काही सापडेना.

खरं सांगायचं तर आराखडा मंजूर झाला एवढीच गोष्ट मला माहीत होती. त्याच्यावर लिहिलेले चार-पाच पेपर वाचले होते, मूळ आराखडा उघडलाही नव्हता. हे सांगताना लाज वाटते. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या प्रपोजलमध्ये असं एखादं वाक्य असणार, म्हणून सांगतेय. त्या दिवसानंतर मी तो आराखडा तीन वेळा वाचला. ही पोस्ट त्या वाचनाबद्दल आहे.

आधी ओळख करून देते. नाव लांबलचक आहे: 'फ्रेमवर्क फॉर रेझिलियंट डेव्हलपमेंट इन द पॅसिफिक', काळ २०१७ ते २०३०. सगळे त्याला एफआरडीपी म्हणतात. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोनेशियातल्या पोह्नपे इथं पॅसिफिक आयलंड्स फोरमच्या नेत्यांची बैठक झाली, तिथं त्याला मान्यता मिळाली. उद्दिष्टं तीन आहेत. हवामान बदलाशी जुळवून घेणं आणि आपत्तीची जोखीम कमी करणं ही दोन कामं एकत्र करायची, हे पहिलं. कमी कार्बनचा विकास, हे दुसरं. आणि आपत्तीची पूर्वतयारी, प्रतिसाद नि पुनर्उभारणी बळकट करायची, हे तिसरं.

पहिलं उद्दिष्ट वाचताना मला वाटलं होतं, यात विशेष ते काय? एकत्र करायचं म्हणजे बैठका एकत्र घ्यायच्या. पण इथंच या आराखड्याचं खरं मोल आहे, आणि ते कळायला थोडं मागं जावं लागतं. २००५ च्या सुमारास या प्रदेशानं दोन वेगवेगळे आराखडे केले होते. एक हवामान बदलाचा, २००६ ते २०१५ साठी. त्याची देखरेख सामोआतल्या अपिया इथल्या स्प्रेप या पर्यावरण संस्थेकडं. दुसरा आपत्ती व्यवस्थापनाचा, २००५ ते २०१५ साठी. तो फिजीतल्या सुव्हा इथल्या सोपॅक या भूविज्ञान संस्थेकडं. दोन संस्था, दोन बेटं, दोन प्रकारचे देणगीदार.

आता तुवालुचा विचार करा. अख्ख्या देशाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. अशा देशाच्या सरकारात हवामान आणि आपत्ती हे दोन्ही विषय समजणारी माणसं असून असून किती असणार? भरतीचं पाणी वस्तीत शिरलं, तर ती घटना हवामान बदलाची की आपत्तीची, हा प्रश्न घर ओलं झालेल्या माणसाला पडत नाही. तो पडतो निधीचा अर्ज भरणाऱ्याला. दोन फॉर्म, दोन नमुन्यांतले अहवाल, दोन परिषदा, आणि भरणारी माणसं तीच.

हा गुंता सोडवायला सुरुवात मात्र प्रादेशिक संस्थांनी केली नाही. टोंगानं २०१० मध्येच हवामान आणि आपत्ती यांची संयुक्त राष्ट्रीय कृती योजना केली, या प्रदेशातली पहिली. वानुआतूनं २०१२ मध्ये दोन्ही विषयांसाठी एकच राष्ट्रीय सल्लागार मंडळ नेमलं. म्हणजे छोट्या देशांनी आधी घरात भिंत पाडली, आणि मग प्रदेशानं नकाशा बदलला. माझ्या वाचनातल्या पेपरांत हा क्रम उलटा असतो: प्रादेशिक आराखडा झाला आणि देशांनी तो 'राबवला'. मीही तसंच लिहिलं होतं. तारखा एका ओळीत मांडून बघितल्या असत्या, तरी ही चूक झाली नसती.

इथवर कौतुक झालं. आता अडचण.

या आराखड्याच्या आधीच्या मसुद्याच्या नावात 'स्ट्रॅटेजी' हा शब्द होता. २०१५ मध्ये तो नेत्यांसमोर आला, आणखी चर्चेसाठी मागं गेला, आणि वर्षभरानं 'फ्रेमवर्क' होऊन परत आला. एका शब्दाचा फरक, पण स्ट्रॅटेजी म्हटलं की ती कोणाची, असा प्रश्न येतो. फ्रेमवर्क ही चौकट असते, चौकटीत ज्यानं त्यानं आपलं चित्र बसवायचं. आराखडा स्वतःही हे लपवत नाही. आपली मार्गदर्शक तत्त्वं ऐच्छिक आहेत, बंधनकारक नाहीत, असं तो सांगतो.

असा मजकूर वाचायची एक युक्ती मला सापडली, ती सांगते. आराखड्यातलं कृतीचं कोणतंही वाक्य घ्या आणि ते मराठीत, कर्तरी प्रयोगात लिहून बघा. 'अमक्यानं तमुक काम अमुक तारखेपर्यंत करावं', असं. इंग्रजीत 'बळकट करणे', 'समाविष्ट करणे', 'प्रोत्साहन देणे' अशी क्रियापदं ओळीनं येतात तेव्हा वाचताना काही खटकत नाही, सगळं कसं कामाचं वाटतं. मराठीत कर्ता लिहायची वेळ आली की पेन थांबतो. शाळेतला अकर्तृक भावे प्रयोग आठवतोय ना? 'उजाडलं', 'गडगडलं'. कोणी उजाडवलं? कोणीच नाही, आपोआप झालं. एफआरडीपीमधली बरीच कामं अशी आपोआप उजाडायची वाट बघतात.

हे पूर्ण न्याय्य नाही, हे मला मान्य. आराखडा प्रत्येक उद्दिष्टाखाली कर्ते देतो: राष्ट्रीय आणि स्थानिक सरकारं, नागरी संस्था आणि लोकसमूह, खासगी क्षेत्र, आणि प्रादेशिक संस्था व विकास भागीदार. पण हे चार गट मिळून जवळजवळ सगळं जग होतं. कोणत्या देशानं, कोणत्या वर्षापर्यंत, कोणाच्या पैशानं, हे त्यात बसत नाही. सगळेच कर्ते असले की जाब कोणाला विचारणार?

एक नमुना घेऊ. समुद्रामुळं घर सोडावं लागणाऱ्या माणसांचं संरक्षण. २०१६ मध्ये प्रादेशिक आराखड्यात हा विषय येणं धाडसाचं होतं, कारण स्थलांतर म्हटलं की सार्वभौमत्व आलं, जमिनीची मालकी आली, पूर्वजांची थडगी आली. आराखड्यात तो आला, आणि पुनर्वसन व कामासाठीचं स्थलांतर ही नावं घेऊन आला. पण सोबत एक छोटी पुस्तीही आली: 'जिथं योग्य असेल तिथं'. योग्य कुठं, आणि ते ठरवणार कोण, ते काही नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. फिजीच्या वानुआ लेवू बेटावरचं वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये दोनेक किलोमीटर आत हलवलं गेलं होतं, म्हणजे आराखड्याच्या आधी. त्यानंतर फिजीनं २०१८ मध्ये नियोजित पुनर्वसनाची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुक आयलंड्समधल्या बैठकीत फोरमच्या नेत्यांनी हवामानामुळं होणाऱ्या स्थलांतराचा एक वेगळा प्रादेशिक आराखडा मान्य केला. आणि त्याच बैठकीच्या दिवसांत, तिथंच, ऑस्ट्रेलिया आणि तुवालु यांनी फालेपिली करारावर सही केली. त्यानुसार वर्षाला २८० पर्यंत तुवालुवासी ऑस्ट्रेलियात राहायला जाऊ शकतात. बदल्यात तुवालुनं इतर देशांशी सुरक्षेचे करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची.

ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवून वाचा. प्रादेशिक कागदात तत्त्वं आहेत, द्विपक्षीय कागदात आकडा आहे. आकडा तिथं का आला? कारण तिथं व्हिसा देणारा एकच होता आणि त्याला बदल्यात काहीतरी हवं होतं. आता तुवालुतल्या तरुण मुलीनं कोणत्या कागदावर आपलं आयुष्य बेतावं, हे मला सांगायची गरज नाही. पण त्या आकड्याची किंमत कोणी आणि कशात मोजली, हे बघायलाच प्रादेशिक एकजूट असते, असं मला वाटत होतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे फोरमचे सदस्य आहेत, हे इथं विसरू नका. मी विसरले होते. माझ्या स्लाइडवर 'छोट्या बेट-देशांनी' असं लिहिलेलं होतं. फोरमच्या टेबलावर मोठा कोळसा निर्यातदारही बसतो. २०१९ मध्ये तुवालुच्या फुनाफुटीत नेत्यांची बैठक झाली तेव्हा कोळशाविषयीच्या भाषेवरून ऑस्ट्रेलियाशी चांगलाच वाद झाला होता. एफआरडीपीचं दुसरं उद्दिष्ट, कमी कार्बनचा विकास, हे लक्षात ठेवून पुन्हा वाचलं की विचित्र वाटतं. ज्यांचं उत्सर्जन जगाच्या हिशेबात नगण्य आहे, त्यांनी सौर पॅनल लावण्याबद्दल त्यात भरपूर आहे. डिझेलचा खर्च वाचतो म्हणून त्यांना ते हवंही आहे. पण ज्याला कमी करायचं आहे, तो त्याच टेबलावर 'भागीदार' म्हणून बसलाय.

मग आराखडा ऐच्छिक ठेवला ही चूकच होती का? इथं मी घाई करणार नाही. या प्रदेशात पापुआ न्यू गिनी आहे, जिथं २०१५ च्या एल निनोत डोंगराळ भागात दुष्काळ आणि हिमतुषारांनी रताळ्याची पिकं गेली. आणि निउए आहे, ज्याची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे. एकीकडं डोंगरातलं धुकं, दुसरीकडं समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरवर असलेली कंकणद्वीपं. सगळ्यांना बांधणारा एकच नियम केला असता, तर तो बहुतेक कोणालाच लागू पडला नसता किंवा मंजूरच झाला नसता. ऐच्छिकपणा ही एकत्र बसण्याची किंमत होती. माझी तक्रार वेगळी आहे. बंधन नको असेल तर निदान मोजमाप तरी हवं, आणि ते सुरुवातीलाच हवं. आराखडा मंजूर झाल्यावर 'पॅसिफिक रेझिलियन्स पार्टनरशिप' नावाची व्यवस्था उभी राहिली. तिच्या कार्यदलात पाच जागा देश-प्रदेशांना, पाच नागरी संस्था व खासगी क्षेत्राला, पाच प्रादेशिक संस्था व भागीदारांना. सरकारांच्या बरोबरीनं इतरांना जागा, हे दुर्मिळ आणि चांगलंच. पण प्रगती कशी मोजायची हे मंजुरीनंतर या व्यवस्थेनं ठरवायचं होतं. परीक्षा सुरू झाल्यावर प्रश्नपत्रिका काढण्यातला हा प्रकार.

आणि मोजणार काय? मी विज्ञान शाखेची, त्यामुळं हा प्रश्न मला जास्त छळतो. तुवालुच्या १०१ बेटांचा १९७१ ते २०१४ या काळातला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बेटांचं एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. लाटा वाळू आणि प्रवाळाचा चुरा आणून टाकतात, बेटं सरकतात, काही वाढतात. 'बेटं बुडतायत' एवढंच वाचलेल्याला हा धक्काच असतो, आणि हवामान बदल नाकारणाऱ्यांनी तो निकाल लगेच उचललाही. पण जमीन वाढली म्हणजे राहणं सोपं झालं, असं नाही. तिथं पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद खोल खड्ड्यांत, जमिनीतल्या गोड्या पाण्यावर लावतात. त्या खड्ड्यात खारं पाणी शिरलं की पीक जातं, नकाशावर बेट होतं तेवढंच राहिलं तरी. मग 'रेझिलियन्स' क्षेत्रफळात मोजायचं की खड्ड्यातल्या पाण्याच्या खारेपणात? या शब्दाला मराठीत कोणी लवचिकता म्हणतं, कोणी तग धरण्याची क्षमता. मला दुसरा बरा वाटतो, कारण तग कोणीतरी धरायचा असतो. पुन्हा तोच, कर्ता.

जिथं एकत्र येण्याचा करार आकड्यांत लिहिला गेला, तिथं काय झालं तेही बघायला हवं, नाहीतर मी फक्त शब्दांवर बोट ठेवत बसले असं होईल. जानेवारी २०१३ मध्ये पाच देशांनी एकत्रित आपत्ती विम्याचा प्रयोग सुरू केला: मार्शल आयलंड्स, सामोआ, सॉलोमन आयलंड्स, टोंगा आणि वानुआतू. हप्ता भरायला जपाननं मदत केली. हा पॅरामेट्रिक विमा होता. म्हणजे नुकसान मोजायला माणूस जात नाही. वादळाचा वेग-मार्ग किंवा भूकंपाची तीव्रता मॉडेलमध्ये घालतात, आणि मॉडेलनं काढलेलं नुकसान ठरलेल्या रेषेपलीकडं गेलं की पैसे येतात. एकेकटा देश विमा कंपनीकडं गेला तर महाग पडतं, पाच जण मिळून गेले तर जोखीम विभागते. एकजुटीचा फायदा इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

पुढं २०१४ च्या सुरुवातीला इयान चक्रीवादळानंतर टोंगाला १२.७ लाख डॉलर मिळाले. मार्च २०१५ मध्ये पाम वादळानंतर वानुआतूला १९ लाख डॉलर मिळाले, तेही थोड्याच दिवसांत. पामचं एकूण नुकसान मात्र सुमारे ४५ कोटी डॉलरचं होतं, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६४ टक्के. म्हणजे विम्यानं अर्धा टक्कासुद्धा भरून निघाला नाही. हा विमा पहिल्या आठवड्यातल्या रोख खर्चासाठीच होता, हे खरं. सॉलोमन आयलंड्सची गोष्ट जास्त बोलकी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये सांताक्रूझ बेटांजवळ ८.० तीव्रतेचा भूकंप आणि त्सुनामी आली, पण मॉडेलमधलं नुकसान रेषेखाली राहिलं. काही मिळालं नाही. एप्रिल २०१४ मध्ये राजधानी होनियारात पूर येऊन वीसहून जास्त माणसं गेली, पण विमा चक्रीवादळ, भूकंप आणि त्सुनामीचा होता, पुराचा नव्हता. पुन्हा काही नाही. सॉलोमन आयलंड्स योजनेतून बाहेर पडलं.

या योजनेवर टीका करणं सोपं आहे, आणि नेमकं तेच मला तिच्यात आवडतं. तिथं रेषा होती, ती कुठं होती हे माहीत होतं, म्हणून ती चुकीच्या जागी आहे असं एका देशाला म्हणता आलं आणि बाहेर पडता आलं. एफआरडीपीतून कोण बाहेर पडणार? त्यात आत असणं म्हणजे काय, हेच ठरलेलं नाही.

याच दिशेनं आता 'पॅसिफिक रेझिलियन्स फॅसिलिटी' येतेय. टोंगात मुख्यालय, मूळ भांडवल गुंतवायचं आणि परताव्यातून गावपातळीवरच्या छोट्या कामांना अनुदान द्यायचं, अशी कल्पना. २०२४ मध्ये नुकुआलोफाच्या बैठकीत नेत्यांनी तिचा करारमसुदा मान्य केला. सुरुवातीचं लक्ष्य ५० कोटी डॉलर. ऑस्ट्रेलियानं १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केलेत, सौदी अरेबियानं ५ कोटी अमेरिकन डॉलर. हो, ज्यांच्या कोळशानं आणि तेलानं पाणी चढलं, त्यांचेच पैसे. मला यात विसंगती दिसते, पण ज्या गावाला पाण्याची टाकी हवी आहे त्याला ती तितकीशी दिसणार नाही, हेही कळतं.

एक गोष्ट राहिली, आणि ती तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांची आहे. २०१९ मध्ये वानुआतूत, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या पोर्ट व्हिला कॅम्पसवर कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी एक मोहीम सुरू केली: हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतू सरकारनं ती उचलली. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं हा प्रश्न एकमतानं न्यायालयाकडं पाठवला, डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं सल्लागार मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडलं तर परिणामांना सामोरं जावं लागू शकतं. हे मत बंधनकारक नाही, त्यानं उद्या कोणाच्या खड्ड्यातलं पाणी गोडं होणार नाही. पण त्या प्रश्नाचं वाक्य एकदा मराठीत लिहून बघा. 'देशांवर कोणती कर्तव्यं आहेत?' कर्ता पहिल्याच शब्दात.

प्रपोजल दुरुस्त करून परत द्यायचं आहे. जुनी स्लाइड काढली. तिच्या जागी एक तक्ता आहे: डावीकडं आराखड्यातली विस्थापनाविषयीची कामं, पुढं तीन रकाने, 'कोणी', 'कधीपर्यंत', 'कोणाच्या पैशानं'. टोंगा, वानुआतू आणि फिजी यांची राष्ट्रीय कागदपत्रं शोधून मी ते भरतेय. फिजीची ओळ बरीच भरली. बाकी दोन ओळींत अजून जागा रिकामी आहे, आणि ती कागदपत्रं कमी वाचल्यामुळं रिकामी आहे की खरंच तिथं काही नाही म्हणून, हे ठरवायला मला बहुधा अख्खं सेमिस्टर लागेल.